रेषांची वास्तू उभारणाऱ्या चित्रकर्ती : नसरीन मोहम्मदी

भारतीय अमूर्त चित्रकलेचा विषय निघाला की वासुदेव गायतोंडे, सय्यद हैदर रझा, रामकुमार ही नावे चटकन आठवतात. आज याच मालिकेत नसरीन मोहम्मदी यांचे नावही आदराने घेतले जाते. मात्र हयातीत या चित्रकर्तीला मोजक्या कलावंत मित्रांपलीकडे, विद्यार्थ्यांपलीकडे आणि जाणकारांपलीकडे फारसे कोणी ओळखत नव्हते. कागद, शाई, पेन्सिल आणि पट्टी एवढ्याच साधनांवर त्यांनी आपले उत्तरायुष्यातील सारे काम उभे केले. फतेहपूर सिक्रीचे लाल दगडी चौक, चंदीगडच्या काँक्रीटच्या भिंती, आखाती देशांतील वाळवंट आणि कोकण किनाऱ्यावरील किहीमचा समुद्र यांनी त्यांच्या दृष्टीला वळण दिले. तरीही त्यांच्या परिपक्व काळातील एकाही चित्रात इमारत दिसत नाही, समुद्र दिसत नाही, माणूसही दिसत नाही. दिसतात त्या केवळ रेषा आणि त्या रेषांच्या मधली मोकळी जागा.

वास्तूकडे पाहून वास्तूचे चित्र न काढता तिच्यातील माप, अंतर आणि लय तेवढी वेगळी काढायची, हा त्यांच्या कलेचा गाभा होता. हे कार्य त्यांनी कोणत्याही गाजावाजाविना, बाजाराची पर्वा न करता आणि पुढे शरीर साथ सोडू लागले असतानाही अखेरपर्यंत चालू ठेवले. म्हणूनच त्यांचे जीवन हा चित्रकलेच्या इतिहासातील केवळ एक टप्पा न राहता निष्ठेचा एक आदर्श ठरला आहे.

बालपण आणि शिक्षण

नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७ मध्ये कराची येथे झाला. त्या अगदी लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. १९४४ मध्ये, म्हणजे फाळणीपूर्वी तीन वर्षे, हे कुटुंब मुंबईत येऊन स्थायिक झाले. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्येही पसरलेला होता आणि छायाचित्रणाच्या साहित्याचे एक दुकान त्यांच्या मालकीचे होते. घरात कॅमेरा ही अपूर्वाईची वस्तू नव्हती. पुढे नसरीन यांच्या हाती जो कॅमेरा आला आणि ज्याने त्यांच्या चित्रकलेला गुपचूप खतपाणी घातले, त्याचे मूळ या घरगुती वातावरणात शोधता येते.

१९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत कलाशिक्षण घेतले. त्या वेळी त्यांचे वय सतरा-अठरा वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात अमूर्त चित्रकलेची चर्चा ऐन भरात होती. वासिली कांडिन्स्की, पॉल क्ले, काझिमिर मालेविच यांच्या चित्रांनी नव्या पिढीला भुरळ घातली होती. लंडनहून परतल्यावर काही काळ त्या कुटुंबासमवेत बहारीनमध्ये राहिल्या. तेथील रखरखीत वाळवंट, क्षितिजापर्यंत पसरलेली सपाट भूमी, पांढऱ्या भिंतींवर पडणारे धारदार ऊन आणि तितकीच धारदार सावली यांचा संस्कार त्यांच्या मनावर खोलवर झाला. पुढील काळात त्यांनी इराण आणि तुर्कस्तान या देशांचाही प्रवास केला. इस्लामी स्थापत्यातील भौमितिक शिस्त आणि आकृतीपेक्षा रचनेला दिलेले महत्त्व त्यांनी या प्रवासांत जवळून पाहिले.

भुलाभाई इन्स्टिट्यूटचे दिवस

मुंबईतील वॉर्डन रोडवर समुद्राकाठी असलेले भुलाभाई इन्स्टिट्यूट हे त्या काळी कलावंतांचे मोहोळ होते. प्रख्यात वकील आणि राष्ट्रीय नेते भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात ही संस्था चाले. एकाच आवारात पंडित रविशंकर यांची संगीतशाळा होती, इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यप्रयोग होत आणि चित्रकारांना कामासाठी खोल्या मिळत. वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, तय्यब मेहता यांसारख्या चित्रकारांचा तेथे वावर होता. सतारीचा रियाज, नाटकाच्या तालमी आणि रंगांचा वास यांनी भरलेल्या त्या वास्तूत अनेक कलावंतांच्या उमेदीच्या वर्षांना आकार आला.

याच आवारात चित्रकार बाळ छाबडा यांनी 'गॅलरी ५९' हे कलादालन सुरू केले होते. १९६१ मध्ये नसरीन मोहम्मदी यांचे पहिले एकल प्रदर्शन येथे भरले. त्यानंतर १९६१ ते १९६३ या काळात त्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये राहिल्या आणि तेथून परतल्यावर पुन्हा मुंबईच्या कलावर्तुळात रुजू झाल्या.

भुलाभाई इन्स्टिट्यूटमधील सहवासांपैकी गायतोंडे यांचा सहवास त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा ठरला. नागपुरात जन्मलेले, गोमंतकीय घराण्यातील आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे मितभाषी होते. चित्राबद्दल बोलण्यापेक्षा चित्रासमोर शांत बसणे त्यांना अधिक प्रिय होते. झेन विचाराची ओढ, अनावश्यक ते सारे वगळण्याची वृत्ती आणि प्रसिद्धीविषयीची उदासीनता हे गुण नसरीन यांच्या ठायीही आढळतात. मात्र गायतोंडे यांची वाट रंगाच्या खोलीतून जात होती, तर नसरीन यांची वाट रेषेच्या काटेकोरपणातून जाणार होती. ज्येष्ठ कलावंताकडून दृष्टी घ्यावी, शैली घेऊ नये, याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल.

रंगाकडून रेषेकडे

साठच्या दशकातील त्यांच्या कामात निसर्गाच्या खुणा स्पष्ट दिसतात. शाईचे आणि जलरंगाचे पातळ थर, त्यांतून डोकावणाऱ्या फांद्या, पानांच्या शिरा, पाण्यावरचे तरंग, धुक्यासारखे पसरलेले करडे डाग असे त्यांचे स्वरूप आहे. काही कॅनव्हासही त्यांनी याच काळात रंगविले. पण हळूहळू रंग मावळत गेला. पिवळसर आणि तपकिरी छटा करड्यात विरल्या आणि करडा रंग काळ्या रेषेत एकवटला.

१९७० च्या सुमारास त्या दिल्लीत राहू लागल्या. या सुमारास त्यांच्या चित्रांत बदल घडला. डाग आणि ओघळ नाहीसे झाले. त्यांची जागा आडव्या-उभ्या रेषांच्या जाळ्याने घेतली. कापडाच्या ताण्या-बाण्यासारखे दिसणारे हे जाळे कोठे दाट, कोठे विरळ होते. कोठे शाई ठळक होते, कोठे पेन्सिलीची रेघ जेमतेम दिसते. तैलरंग आणि कॅनव्हास त्यांनी कायमचे बाजूला ठेवले.

हा निर्णय सोपा नव्हता. त्या काळी आपल्याकडे मोठा कॅनव्हास आणि तैलरंग म्हणजेच खरी चित्रकला, अशी समजूत रूढ होती. कागदावरील रेखांकनाला पूर्वतयारीचे काम मानले जाई आणि ते विकतही फारसे कोणी घेत नसे. साधारण ५० बाय ७० सेंटिमीटरच्या कागदावर काळ्या रेषा ओढीत राहणे म्हणजे प्रसिद्धी आणि प्राप्ती या दोन्हींकडे पाठ फिरविणे होते. नसरीन मोहम्मदी यांनी ते जाणूनबुजून केले.

फतेहपूर सिक्रीतील चौक

त्यांच्या रेषांचे मूळ शोधायचे असेल, तर त्यांनी काढलेल्या छायाचित्रांकडे वळावे लागते. प्रवासात त्या कॅमेरा बाळगीत आणि काळी-पांढरी छायाचित्रे काढीत. ही छायाचित्रे त्यांनी आपल्या हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांच्या निधनानंतर ती लोकांसमोर आली, तेव्हा त्यांच्या चित्रांकडे पाहण्याची एक नवी खिडकी उघडली.

या छायाचित्रांत फतेहपूर सिक्रीला विशेष स्थान आहे. आग्र्याजवळ असलेली ही नगरी सम्राट अकबराने १५७१ पासून उभारली. लाल वालुकाश्मात बांधलेल्या या राजधानीत बुलंद दरवाजा, शेख सलीम चिश्ती यांची संगमरवरी कबर, पाच मजली पंचमहाल, पाण्याच्या मध्यभागी चौथरा असलेला अनूप तलाव अशा अनेक वास्तू आहेत. १९८६ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. येथे येणारा सर्वसाधारण पर्यटक बुलंद दरवाजाच्या भव्यतेने थक्क होतो, जाळीच्या नक्षीवरून हात फिरवितो आणि इतिहासातील कथा ऐकतो.

नसरीन मोहम्मदी यांनी मात्र कॅमेरा खाली वळविला. चौकातील फरसबंदी, दोन फरश्यांमधील सांधे, पाणी वाहून नेणाऱ्या सरळ पन्हळी, चौथऱ्याची कड, पायरीवर तिरपी पडलेली सावली हे त्यांचे विषय होते. चौकटीत माणूस नसतो. कमानी आणि घुमट बहुधा वगळलेले असतात. वास्तूची ओळख पटविणारे सारे काढून टाकल्यावर जे शिल्लक राहते, तेच त्यांना हवे असते. ते म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर, प्रकाश आणि सावली यांची सीमा, मोकळ्या जागेला लाभलेली शिस्त.

मुघल स्थापत्याचे मर्मही नेमके याच ठिकाणी आहे. या वास्तूंचे सौंदर्य भिंतींइतकेच भिंतींनी न व्यापलेल्या जागेत असते. पंचमहालाला तर भिंती जवळजवळ नाहीतच. एकावर एक रचलेले खांबांचे मजले वर जाताना लहान होत जातात आणि सर्वांत वर केवळ एक छत्री उरते. खालच्या मजल्यावरील खांबांची दाटी आणि वरची विरळता यांतून डोळ्याला आपोआप एक लय जाणवते. जाळीतून येणारे ऊन जमिनीवर जी आकृती रेखाटते, ती दिवसभर सरकत राहते. दगड स्थिर असतो, पण वास्तू स्थिर नसते. नसरीन यांच्या चित्रांतील रेषांची दाटी आणि विरळता पाहताना या खांबांची आणि या सरकत्या उन्हाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्यांनी चंदीगडचीही छायाचित्रे काढली. फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी स्वातंत्र्योत्तर भारतासाठी आखलेले हे शहर म्हणजे काटकोनांचा आणि उघड्या काँक्रीटचा प्रयोग होता. ऊन अडविण्यासाठी इमारतींच्या दर्शनी भागावर उभारलेल्या खोल काँक्रीटच्या चौकटी तेथे सावल्यांचे ठोकळे निर्माण करतात. सोळाव्या शतकातील मुघल नगरी आणि विसाव्या शतकातील आधुनिक शहर यांच्यात चारशे वर्षांचे अंतर आहे. एरवी या दोहोंना परस्परविरोधी मानले जाते. नसरीन यांच्या दृष्टीला मात्र दोहोंतील प्रकाश, कड आणि अंतर यांचे नाते सारखेच मोलाचे वाटले. परंपरा आणि आधुनिकता यांच्यातील वादावर त्यांनी कधी भाष्य केले नाही. त्यांच्या कामाने तो वाद निरर्थक ठरविला.

वडोदऱ्यातील अध्यापन

१९७२ मध्ये त्या वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात अध्यापनासाठी रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. सयाजीराव गायकवाड यांच्या या नगरीला कलाशिक्षणाची मोठी परंपरा आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या तेथील कलाभवनात दादासाहेब फाळके यांनीही शिक्षण घेतले होते. स्वातंत्र्यानंतर सुरू झालेल्या ललितकला विभागाची पायाभरणी करणाऱ्यांत ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांचा समावेश होता. बेंद्रे यांच्या हाताखाली चित्रकारांची एक समर्थ पिढी तयार झाली.

नसरीन वडोदऱ्यास आल्या, तेव्हा तेथील वारे हळूहळू निराळ्या दिशेने वाहू लागले होते. गुलाम मोहम्मद शेख, भूपेन खख्खर आदी चित्रकार माणसांच्या, गल्लीबोळांच्या आणि रोजच्या जगण्याच्या कथा चित्रांतून सांगू लागले होते. १९८१ मध्ये मुंबई आणि दिल्ली येथे भरलेल्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनाने या कथनपर चित्रकलेला ठळक ओळख मिळवून दिली. शेख, खख्खर, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासह ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांचीही चित्रे त्यात होती. चित्रात माणूस परतला पाहिजे, असा या पिढीचा आग्रह होता.

अशा वातावरणात माणूस, कथा, रंग आणि ओळखीची आकृती हे सारे वर्ज्य करून केवळ रेषा ओढणाऱ्या शिक्षिकेचे स्थान एकाकी असणे स्वाभाविक होते. तथापि या एकाकीपणात कटुता नव्हती. कथनपर चित्रे काढणाऱ्या सहकाऱ्यांशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते. अमूर्तवादी जेराम पटेल यांच्यासारखे सहकारीही त्याच विभागात होते. विद्यार्थ्यांवर त्यांनी आपली शैली लादली नाही. पाहायला शिकविणे, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. कागदावर हात ठेवण्यापूर्वी झाडाची सावली, जमिनीवरील भेग, दोन वस्तूंमधील रिकामी जागा निरखावी, हा धडा त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभर जपला. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सर्वस्वी वेगळ्या प्रकारची कला निर्माण केली, यातच त्या शिकवणीचे यश सामावलेले आहे.

त्यांचे राहते घर हाच त्यांचा स्टुडिओ होता. त्या एकट्या राहत. घरात सामान अत्यंत कमी, जमीन लखलखीत, भिंती मोकळ्या आणि खिडकीपाशी आरेखनाचे मेज असा तो संसार होता. घरात येणाऱ्या उन्हाची तिरीप कोणत्या वेळी कोठे पडते, याकडे त्यांचे लक्ष असे. राहण्याची जागा आणि चित्रातील जागा यांत त्यांनी भेद ठेवला नव्हता.

आरेखनाच्या मेजावर

वास्तुविशारद आणि अभियंते ज्या साधनांनी इमारतींचे नकाशे काढतात, तीच साधने नसरीन मोहम्मदी यांनी चित्रासाठी वापरली. पट्टी, गुण्या, कंपास आणि बारीक टोकाच्या शाईच्या लेखण्या यांच्या साहाय्याने त्या कागदावर रेघा ओढीत. नकाशात प्रत्येक रेघेला काही काम असते. ती भिंत दाखविते, दार दाखविते, माप सांगते. नसरीन यांनी रेघेला या चाकरीतून मुक्त केले. त्यांची रेषा कशाचाही नकाशा नाही. ती स्वतःच वास्तू आहे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या चित्रांतील काटकोनी जाळे मोडू लागले आणि तिरक्या रेषा पुढे आल्या. हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. सामान्य दृश्यचित्रात समांतर रेषा दूर जाताना एका बिंदूत मिळतात. लांबवर गेलेले रेल्वेचे रूळ हे त्याचे परिचित उदाहरण होय. पाहणाऱ्याचे स्थान त्यामुळे निश्चित होते. वास्तुविशारदाच्या एका प्रकारच्या आरेखनात मात्र तिरक्या समांतर रेषा अखेरपर्यंत समांतरच राहतात. तेथे पाहणाऱ्याला ठरावीक जागा नसते. नसरीन यांच्या उत्तरकालीन चित्रांत अशा समांतर तिरक्या रेषांचे पट्टे रिकाम्या कागदावर तरंगताना दिसतात. त्या जमिनीला टेकलेल्या नसतात आणि कोठे पोहोचतही नाहीत. चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपण वरून पाहत आहोत की खालून, हे चटकन ठरविता येत नाही.

या रेषांत रंगाचे काम अंतर करते. रेषा जवळ आल्या की तो भाग गडद होतो आणि मागे सरकल्यासारखा वाटतो. त्या दूर गेल्या की कागद उजळतो आणि पुढे येतो. रेषेची जाडी किंचित बदलली की ती वळल्याचा भास होतो. सावली न रंगविता सावलीचा आणि खोली न दाखविता खोलीचा प्रत्यय येतो. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची त्यांना ओढ होती. दोन स्वरांमधील विराम जसा रागाचा भाग असतो, तशी त्यांच्या चित्रात दोन रेषांमधील कोरी जागा हा चित्राचाच भाग असतो.

त्या दैनंदिनीही लिहीत. त्यांतील नोंदी बहुधा त्रोटक आहेत. कामातील अडचणी, एकटेपणा, शिस्तीची ओढ, निसर्गातील एखादे निरीक्षण अशा विषयांवर त्यांनी स्वतःशीच संवाद साधलेला दिसतो. काही पानांवर त्यांनी छापील रकान्यांच्या आधाराने पट्टे रंगविले आहेत, तर काही ठिकाणी लिहिलेला मजकूर शाईने झाकून टाकला आहे. रोजच्या नोंदीच्या वहीचेही त्यांच्या हातून चित्र झाले.

शरीराची परीक्षा

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ ऐंशीच्या दशकात आला. मज्जासंस्थेच्या एका असाध्य विकाराने त्यांना ग्रासले. शरीराच्या हालचालींवरील ताबा हळूहळू सुटू लागला. चालताना तोल जाई, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली वाढत गेल्या. ज्या कलावंताचे सारे काम हाताच्या स्थैर्यावर अवलंबून आहे, तिच्यासाठी याहून मोठे संकट नव्हते.

तथापि या काळातील चित्रांत थरथर शोधूनही सापडत नाही. उलट रेषा अधिक नेमक्या, अधिक हलक्या आणि संख्येने कमी होत गेल्या. पूर्वीची दाट जाळी विरघळली. उरले काही तिरके पट्टे, एखादा त्रिकोण, एखादी कंसाकार रेषा आणि भोवती भरपूर मोकळी जागा. मेजाची कड, पट्टीचा आधार आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली एकाग्रता यांच्या बळावर त्या काम करीत राहिल्या. एरवी अस्थिर असलेले शरीर कागदासमोर स्थिर होई, ही गोष्ट त्यांना जवळून पाहणाऱ्यांना विस्मयकारक वाटे. रेषा ही त्यांच्यासाठी केवळ अभिव्यक्तीचे साधन उरली नव्हती. ढासळत्या देहात तोल सांभाळण्याचा तो एक मार्ग होता.

त्यांच्या चित्रांना अनेकदा थंड, यांत्रिक किंवा भावनाशून्य म्हटले गेले. त्या रेषा ज्या परिस्थितीत ओढल्या गेल्या, ती जाणून घेतल्यावर हा आक्षेप टिकत नाही. भावनेचे प्रदर्शन न करणे आणि भावना नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपले दुःख चित्राचा विषय होऊ नये, याची दक्षता त्यांनी घेतली आणि त्या दुःखावर मात करणारी शिस्त तेवढी चित्रात उतरू दिली.

किहीमचा किनारा

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचे किहीम हे त्यांच्या विसाव्याचे ठिकाण होते. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, ते हेच किहीम. नारळी-पोफळीच्या बागा आणि लांबरुंद पुळण असलेल्या या गावात मोहम्मदी कुटुंबाचे घर होते. नसरीन तेथे वारंवार जात, किनाऱ्यावर दूरवर चालत आणि छायाचित्रे काढीत. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटताना वाळूवर ज्या रेषा उमटतात, त्यांचे त्यांना आकर्षण होते. फतेहपूर सिक्रीतील रेषा माणसाने मोजूनमापून आखलेल्या होत्या. किहीमच्या वाळूवरील रेषा समुद्र आखीत होता आणि पुढच्या भरतीला पुसून टाकीत होता. त्यांच्या चित्रांत वास्तूचा काटेकोरपणा आणि लाटेची क्षणभंगुरता या दोहोंचा मेळ आढळतो.

मे १९९० मध्ये किहीम येथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते.

मरणोत्तर कीर्ती

नसरीन मोहम्मदी यांनी आपल्या प्रगल्भ काळातील चित्रांना शीर्षके दिली नाहीत आणि त्यांवर तारखाही क्वचितच घातल्या. त्यामुळे त्यांच्या कामाचा कालानुक्रम लावणे अभ्यासकांना कठीण जाते. संग्रहालयांतील फलकांवर शीर्षकाच्या जागी शीर्षक नाही असे आणि वर्षाच्या जागी अंदाजे दशक लिहावे लागते. ज्या कलाव्यवहारात नाव, सही आणि साल यांवर चित्राचे मोल ठरते, त्यात ही अलिप्तता विलक्षणच म्हटली पाहिजे.

त्यांच्या पश्चात १९९५ मध्ये 'नसरीन इन रेट्रॉस्पेक्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांची चित्रे, दैनंदिनीतील नोंदी आणि सहकाऱ्यांच्या आठवणी एकत्र आल्या. पुढील दशकात जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटर या संस्थेत त्यांच्या रेखांकनांचे प्रदर्शन झाले. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या डॉक्युमेंटा या प्रतिष्ठित कलामहोत्सवात त्यांच्या कृतींचा समावेश करण्यात आला. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाने त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन घडविले. २०१४ मध्ये इंग्लंडमधील टेट लिव्हरपूल आणि २०१५ मध्ये माद्रिद येथील रेना सोफिया संग्रहालयानेही त्यांची प्रदर्शने भरविली.

मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक व समकालीन कलेसाठी 'मेट ब्रॉयर' ही शाखा सुरू केली. तिच्या उद्घाटनाच्या प्रदर्शनांसाठी नसरीन मोहम्मदी यांची निवड झाली. ही शाखा २०२० मध्ये बंद झाली, पण त्या निवडीचे महत्त्व कमी होत नाही. वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयर यांनी रचलेल्या, १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या करड्या दगडाच्या आणि उघड्या काँक्रीटच्या इमारतीत या रेषा मांडल्या गेल्या. वास्तूंतून जन्मलेल्या चित्रांना एक अनुरूप वास्तू लाभली, असे या योगायोगाबद्दल म्हणता येईल.

पाश्चात्त्य समीक्षक त्यांची तुलना अनेकदा अमेरिकी चित्रकर्ती अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी करतात. रेषा आणि जाळे यांची ओढ दोघींतही दिसते. परंतु नसरीन यांचे काम कोणा परदेशी प्रवाहाची शाखा म्हणून उगवलेले नाही. त्यामागे बहारीनचे वाळवंट आहे, सिक्रीचे चौक आहेत, चंदीगडच्या भिंती आहेत, भुलाभाई इन्स्टिट्यूटमधील मैत्री आहे, वडोदऱ्याचा वर्ग आहे आणि किहीमची वाळू आहे.

अमूर्त चित्र समजत नाही, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. नसरीन मोहम्मदी यांची चित्रे या तक्रारीला एक साधे उत्तर देतात. जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून फरश्यांवर सरकणारी सावली ज्याने क्षणभर निरखली आहे, जिन्याच्या पायऱ्यांवरील उन्हाचे पट्टे ज्याने पाहिले आहेत, त्याला या चित्रांची भाषा परकी नाही. वास्तू काळाच्या ओघात ढासळते, शरीर त्याहून लवकर थकते. पण पाहण्याची शिस्त दुसऱ्याच्या डोळ्यांत उतरविता येते. आयुष्यभर अबोलपणे रेषा ओढणाऱ्या या चित्रकर्तीने मागे ठेवलेला वारसा तोच आहे.